मधेच मी नसायचे

हर्सूलच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये दिवसभर दोनच आवाज असायचे. एक मायच्या शिलाई मशीनचा आणि दुसरा जवळच्या तुरुंगात दर तासाला पडणाऱ्या टोल्यांचा. माय परकर शिवायची. सकाळी भाकरी झाल्या, अंबाडीची भाजी घोटून झाली की ती दाराजवळच्या उजेडात मशीन ओढून बसायची ती पार दिवेलागणीपर्यंत. अण्णा, म्हणजे माझे वडील, औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात कंपॉझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचं काम. सायकलवरून संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं काळी असायची आणि साबणानं कितीही घासली तरी भाकरीला त्यांचा ठसा उमटायचा. आमच्या घरात देव्हारा नव्हता. रविवारी विहारात वंदनेला जायचं आणि आल्यावर अण्णांनी आणलेली छापखान्यातली वाया गेलेली पानं वाचत बसायचं, हाच आमचा सण. अण्णांच्या वडिलांनी पाचोडला आयुष्यभर दुसऱ्यांची ढोरं राखली. त्यामुळं अक्षराबद्दल अण्णांच्या मनात जी माया होती ती आज मला समजते, तेव्हा तिची भीतीच वाटायची. "आपल्याला वर काढलं ते अक्षरानं," असं ते म्हणायचे, आणि माझ्या वह्या रोज संध्याकाळी लाल पेन्सिल घेऊन मुद्रित तपासावं तशा तपासायचे.

माझ्या वह्यांत शब्द सुटलेले असायचे. चुकलेले नाही, सुटलेले. शुद्धलेखनाच्या पानावर 'आमच्या शाळेच्या मागे एक मोठे' असं अर्धवट राहिलेलं आणि पुढं एकदम 'तिथे मुले खेळतात' असं सुरू झालेलं. मधलं मैदान कुठं गेलं ते मला ठाऊक नसायचं. मला कधी काही सुटल्यासारखं वाटलंच नाही. बाई फळ्याजवळ असायच्या आणि मग त्या खिडकीजवळ असायच्या. त्या चालत तिथं गेल्या ते मी पाहिलेलं नसायचं, पण त्यात काही वेगळं आहे असं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांचाच दिवस असा तुकड्यातुकड्यांचा असतो, असं मी धरून चालले होते. पेला हातातून निसटायचा, वेणी घालताना माय म्हणायची, "आगं, वर बघ म्हनलं की वर काय बघत राहतीस!" आणि मला तिनं वर बघ म्हटलेलं आठवायचंही नाही. शाळेत मला 'तंद्री' म्हणायचे. घरीही तेच नाव पडलं. माझं खरं नाव सुजाता. ते सातवीच्या वर्षी फक्त हजेरीत उरलं होतं.

अण्णांनी मला एकदाच मारलं. सातवीच्या सहामाहीत एका पानावर नऊ शब्द सुटले होते. त्यांनी नऊ ठिकाणी लाल खुणा केल्या, वही मिटली आणि म्हणाले, "मला डोळ्यानं दिसायचं कमी झालं तरी माझ्या हातून खिळा सुटत नाही. तुझं लक्ष कुठं असतं?" मी काहीतरी उत्तर देत होते, निदान मला तसं वाटत होतं. मग एकदम माझा गाल झणझणला. अण्णांचा हात खाली येत होता आणि माय मशीनवरून उठलेली होती. तो हात वर गेलेला मी पाहिला नाही. पुढं वर्षभर मला वाटत राहिलं, अण्णांचा हात किती झटकन चालला.

मी मधेच नसते, हे एकाच माणसाला कळलं होतं. माझ्या बाकावर बसणाऱ्या नसीमला. तिचे अब्बा बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि घराजवळ हीच शाळा म्हणून ती मराठी शाळेत आली होती. तिला मराठी लिहायला माझी मदत लागायची आणि मला तिची. ती मला कोपरानं ढोसायची आणि कुजबुजायची, "मैदान. मैदान लिख." मी लिहायचे. तिला ते कसं कळायचं, हे मी कधी विचारलं नाही. तिची अम्मी डब्यात खिचडी आणि आंबट खट्टा द्यायची. तो मी चाटूनपुसून खायचे आणि माझी शेंगदाण्याची चटणी ती घ्यायची. एका वर्षात मला मिळालेली मैत्री एवढीच, पण ती पुरेशी होती.

आठवीत गेल्यावर, प्रार्थनेच्या वेळी मी पडले. त्यातलं मला काहीच माहीत नाही. जाग आली तेव्हा तोंडात रक्ताची आणि लोखंडाची चव होती, कारण कुणीतरी दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला होता. नाकाशी कुणाची तरी चप्पल होती. स्कर्ट ओला झाला होता. भोवती मुलींचं रिंगण होतं आणि रिंगण आणि मी यांच्यामध्ये खूप मोठी रिकामी जागा होती. कुणीतरी म्हणालं, "फेफरं आलं तिला." मी नसीमला शोधत होते. ती रिंगणात होती, रडत होती, आणि एका बाईंनी तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी अण्णांना शाळेत बोलावलं. पूर्ण बरी झाल्याशिवाय पाठवू नका, इतर मुली घाबरतात, असं सांगितलं गेलं. अण्णा वाद घालणारे नव्हते. ते परत आले, सायकल भिंतीला लावली आणि बराच वेळ तिचं चाक फिरवत तिथंच उभे राहिले.

पाचोडहून आत्या आली. तिनं कांदा फोडून उशाशी ठेवला आणि मायला हळूच सांगितलं, "पोरीच्या जातीचं हाय, कुठं बोलू नको. उद्या सोयरिकीला कोन हुभं राहील?" मायनं ते मनावर घेतलं. शेजारी विचारलं तर सांगायचं, अशक्तपणा आहे. माझ्या धाकट्या भावाकडून, आनंदकडून, शपथ घेतली. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी मला इतकी झोप यायची की भाकरीचा घास तोंडात तसाच राहायचा. मी पुन्हा पडले नाही, पण तंद्री वाढली. अण्णा म्हणायचे, "आता तर शाळाही नाही, मग आता कसला कंटाळा?"

ते महिने मला अजून दुपारच्या उजेडासारखे आठवतात, पांढरे आणि न सरकणारे. चुलीजवळ जायचं नाही. स्टोव्ह पेटवायचा नाही. पोरीपोरी हर्सूलच्या तलावाकडं जायच्या, मी जायचं नाही. मोरीची कडी लावायची नाही. आंघोळ करताना माय दाराबाहेरून दर थोड्या वेळानं हाक मारायची, "हायस ना?" आणि मी आतून म्हणायचे, "हाय." ती हाक मी किती वेळा ऐकली नसेन, ते आता कळतं. कारण मधूनच ती दार ढकलून आत यायची आणि मी चिडायचे. आनंद शाळेतून यायचा, दप्तर टाकायचा आणि माझ्या जवळून जाताना थोडा वळसा घालायचा. त्याला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. मी दारात बसून तुरुंगातले तास ऐकायचे. बाराचे ऐकले की एकाची वाट बघायची. कधीकधी बारानंतर एकदम दोन वाजायचे.

अण्णांच्या छापखान्यात एका मोठ्या सरकारी दवाखान्याची केसपेपरची पुस्तकं छापायला यायची. ती पोचवायला गेले असताना लहान मुलांच्या विभागातल्या एका डॉक्टर बाईंशी त्यांचं बोलणं झालं. बाई म्हणाल्या, मुलीला घेऊन या. बुधवारी सकाळी आम्ही गेलो. व्हरांड्यात एवढी गर्दी होती की अण्णांनी मला खांद्याला धरून पुढं नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, लातूरकडच्या, बोलण्यात आमच्यासारखाच हेल. त्यांनी आधी अण्णांना विचारलं.

"पडली किती वेळा?"

"एकदाच."

"पडताना तुम्ही पाहिलं?"

"नाही. शाळेत पडली."

"आणि एरवी? मधेच थांबते का? बोलता बोलता, खाता खाता?"

अण्णा थोडे हसले. "तंद्री लागते तिला, डॉक्टर. पण ती सवय आहे. लहानपणापासून लक्ष नाही."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग टेबलावरच्या केसपेपरची एक लांब पट्टी फाडली आणि माझ्या हातात दिली. "हिच्यावर फुंकर मारायची. पट्टी हलत राहिली पाहिजे. जोरात, लांब, थांबायचं नाही. मी बस म्हणेपर्यंत." मला वाटलं, फुप्फुसं तपासतायत. मी फुंकायला लागले. पट्टी फडफडत होती. ओठांना मुंग्या आल्या. बाई हातातल्या घड्याळाकडं बघत म्हणत होत्या, "छान, अजून, अजून."

मग बाई टेबलाच्या या बाजूला होत्या, माझ्या अगदी समोर वाकलेल्या. पट्टी जमिनीवर पडलेली होती. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं, आधी ते रडत नव्हतं.

"सुजाता, मी आत्ता तुला एका फळाचं नाव सांगितलं. कुठलं?"

मी म्हणाले, "तुम्ही काही सांगितलं नाही."

बाई अण्णांकडं वळल्या. "तुम्ही ऐकलं?"

"सीताफळ," अण्णा म्हणाले. "दोनदा म्हणाल्या तुम्ही. हिच्या कानाजवळ. हिच्या... हिच्या डोळ्यांसमोर हात फिरवला तुम्ही."

"तंद्रीतलं माणूस हाक मारली की जागं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "ही जागी होत नाही. मेंदूत काही सेकंद वीज चुकीची धावते आणि मग आपोआप थांबते. हाही आकडीचाच प्रकार आहे. पडली तो एकच झटका नव्हता. असे हिला रोज येत असणार, आणि कदाचित कित्येक वर्षं. तिचं लक्ष नव्हतं असं नाही. ती तिथं नव्हतीच."

मी त्या वेळी अण्णांकडं पाहिलं नाही. ते मला काहीतरी विचारतील म्हणून मी त्या पट्टीकडं बघत बसले. बाईंनी दोन कामं सांगितली. एक, मेंदूचा आलेख काढायचा. दुसरं, दिवसातून किती वेळा होतं हे कुणी पाहिलं असेल तर विचारून यायचं, म्हणजे औषध लागू पडतंय का ते समजेल. अलीकडं आईबाप मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवतात. माझ्या नातलगांतल्या एका मुलाचं निदान अशाच व्हिडिओवरून चार दिवसांत झालं. तेव्हा ज्यानं पाहिलं असेल त्याच्या दारात जावं लागायचं.

बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर अण्णांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा होतं?"

मला ठाऊक असतं तर! मी म्हणाले, "नसीमला माहीत असेल."

आम्ही घरी न जाता सरळ नसीमच्या दारात गेलो. तिच्या अम्मीनं पडदा बाजूला केला, मला पाहिलं आणि पडदा हातातच धरून ठेवला. वाईट बाई नव्हती ती. घाबरली होती. अण्णा पायरीखाली उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "भाभी, बच्ची से एकच बात पूछनी है. डॉक्टरने पुछाया है." आत कुजबुज झाली. नसीम बाहेर आलीच नाही. पडद्यामागून तिचा आवाज आला, आणि तो मी आजही जसाच्या तसा ऐकू शकते.

"चाचा, पंद्रा-सोला बार होता दिन में. गणित के घंटे में ज्यादा. पलकां हिलते, मुँह चबाए सरका होता, बस. मैं गिनती थी."

अण्णांनी विचारलं, "ढकलल्यावर उठते?"

"नै चाचा. हिलाए तो बी नै उठती. मारे तो बी नै. बाई मारते थे ना, मैंने देखी. मार खतम हुए के बाद उठती."

अण्णांची जोडलेली बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. मग ते "शुक्रिया बेटा" म्हणाले आणि वळले. मी पडद्याकडं पाहत राहिले. खालून नसीमचे पाय दिसत होते. एक पाय दुसऱ्यावर ठेवलेला. मी हाक मारली असती तर ती आली असती का, हे मला ठाऊक नाही. मी हाक मारली नाही. पुढच्याच वर्षी ती मंडळी मालेगावला गेली, तिथं तिच्या मामांचा कारखाना होता. तिनं माझ्यासाठी वर्षभर आकडे मोजले आणि मी तिला साधं एक वाक्य बोलले नाही.

आलेख काढायचा त्याच्या आदल्या दिवशी मायनं माझं डोकं शिकेकाईनं दोनदा धुतलं, तेलाचा थेंब नको असं सांगितलं होतं. दवाखान्यात डोक्याला चिकट लेप लावून तारा चिकटवल्या. पुन्हा फुंकायला लावलं, डोळ्यांपुढं दिवा उघडझाप केला. लांबलचक कागदावर रेषा पडत गेल्या. बाईंनी अण्णांना तो कागद उलगडून दाखवला. साध्या बारीक रेषांच्या मधे एकदम उंच उंच टोकांची रांग, आणि पुन्हा साध्या रेषा. अण्णांनी त्या रांगेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग विचारलं, "इथं ती नव्हती?" बाई म्हणाल्या, "इथं नव्हती."

आधीच्या गोळ्या हळूहळू बंद करून नवी गोळी सुरू झाली. सकाळी आणि संध्याकाळी, जेवणानंतर, एकही चुकवायची नाही. तिनं मला भयंकर भूक लागायची आणि कंगव्यात केस यायचे. माय ते केस कंगव्यातून काढून मुठीत धरून बसायची. पुढं लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा, ती गरोदरपणात चालत नाही म्हणून, डॉक्टरांनी ती गोळी बदलून दुसरी दिली. आजही रोज एक घ्यावी लागते. पण त्या पावसाळ्याच्या अखेरीस मला कळलं की दुपार किती मोठी असते. बारानंतर एकच वाजायचा. रोज. माय शिवत असलेल्या शिवणीचा एकेक टाका मला दिसत होता. आता दिवस सलग झाला होता आणि त्या सलग दिवसात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. आधी निदान मधेमधे सुटका असायची. अण्णा संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायचे, पण वही मागायचे नाहीत. त्यांनी कधीच माफी मागितली नाही. एकदा फक्त जेवताना त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि लगेच पाण्याचा तांब्या उचलला. मायला काही कळलं नाही. मला कळलं.

जूनमध्ये मी शाळेत परत गेले. डॉक्टर बाईंनी चिठ्ठी लिहून दिली होती. वर्ष वाया गेलं म्हणून आठवीतच, लहान मुलींबरोबर. दवाखान्यातून निघताना त्यांनीच मला बजावलं होतं, "वर्गात सांगायचं. लपवलंस तर पुन्हा चमचा घालतील." घरी माय म्हणाली होती, "कुनाला सांगशील तर माझी शप्पत हाय." रस्ताभर मी दोन्ही वाक्यं घोळवत गेले. पहिल्या तासाला उभी राहिले. मी म्हणाले, "मला फिट येते. गोळी चालू आहे. आली तर मला कुशीवर करा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबू नका. किती वेळ चालली ते बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्यात न्या. ती कुणाला लागत नाही." आणि खाली बसले. वर्गात पंखाही नव्हता, त्यामुळं ती शांतता पुरी ऐकू आली. माझ्या बाकावरची मुलगी दप्तर उचलून मागं गेली. मधल्या सुट्टीत मी एकटीनं डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशीही. मग ती सवयच झाली. दिवाळीपर्यंत त्या बाकावर मी एकटी बसत होते आणि मायची शपथ मोडल्याचं तिला कुणाकडून तरी कळलं होतं, ते वेगळं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

डिसेंबरात मला ताप आला. उलट्यांत दोन दिवसांच्या गोळ्या पडून गेल्या, आणि ताप उतरला म्हणून मी हट्टानं शाळेत गेले. भूगोलाच्या तासाला पडले. शुद्धीवर आले तेव्हा मी डाव्या कुशीवर होते. तोंडात कसलीही चव नव्हती. खिडक्या उघडल्या होत्या आणि मुली बाहेर व्हरांड्यात होत्या. माझ्या डोक्याखाली एक घडी केलेला मरून स्वेटर होता, कोपरापाशी हिरव्या लोकरीनं रफू केलेला.

तो कुणाचा, हे कुणी सांगितलं नाही. शाळा सुटली तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. फाटकाशी एक मुलगी हात काखेत घालून उभी होती. शेवटच्या बाकावरची मंदा. सहा महिन्यांत तिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता. मी स्वेटर पुढं केला. तो थोडा ओला झाला होता, मला लाज वाटत होती. तिनं तो घेतला, झटकला आणि अंगात घातला.

"तू किती वेळ ते बघा म्हनली होतीस," ती खाली बघत म्हणाली. "घड्याळ नव्हतं ना वर्गात. मी आकडे म्हनले. एकशे चौतीस झाले."

आणि ती तिच्या वाटेनं निघून गेली.